गोल करणारा अंग चोरतो म्हणे

६ एप्रिल २०२५, रविवारची दुपार. लाँग आयलंडवर वॉशिंग्टन कॅपिटल्सची आइस हॉकीची मॅच चालू होती, दुसरा पिरियड, पॉवरप्ले (समोरचा एक जण शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर), टॉम विल्सनचा पास आडवा आला आणि ॲलेक्स ओव्हेचकिननं डाव्या सर्कलमधनं पक (रबराची चकती) इल्या सोरोकिनच्या मागं नेटमध्ये घातला. करिअरचा ८९५ वा गोल. वेन ग्रेट्झकीचा ८९४ चा रेकॉर्ड कधी मोडणारच नाही असं लोक इतकी वर्षं म्हणत होते, तो मोडला, ग्रेट्झकी स्वतः तिथं बसून बघत होता आणि ३९ वर्षांचा हा बाप्या लहान पोरासारखा बर्फावर पोटावर घसरत गेला. माझ्या डोळ्यात पाणी आलं, लपवत नाही. आणि त्याच संध्याकाळी एका वाढदिवसाला गेलो तर आमच्या ओळखीतले एक काका, तीस वर्षं कॅनडात, पक्के टोरोंटो मेपल लीफ्सवाले, समोसा हातात घेऊन म्हणाले, "रेकॉर्ड वगैरे ठीक आहे रे, पण तो अंग चोरतो. अर्धी मॅच नुसता उभा असतो. आणि आज मॅच तर हरलेच ना?" हरले होते, ४-१, खरंय. मग पुढचा तासभर तेच. कुणी म्हणे पॉवरप्लेवर कुणीही मारेल, कुणी म्हणे ग्रेट्झकीच्या काळी गोली (गोलकीपर) कच्चे होते, आणि फिरून फिरून गाडी त्याच स्टेशनवर, आळशी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मोठ्या गोल-स्कोररला आळशी म्हणणं ही बहुतेक वेळा हॉकीवरची टीका नसतेच, ती त्या माणसाच्या स्वभावावरची टीका असते, आणि पुरावा काय तर तो आपल्याला पळताना दिसला नाही. त्याच्यामुळे टीमचा फायदा होतो का तोटा हे विचारा, जरूर विचारा, आकडे घेऊन भांडा, मीही भांडेन. पण सोफ्यावर बसून दुसऱ्याचा घाम मोजायचा हे मला पटत नाही.

ज्यांनी आइस हॉकी फार बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो (ध्यानचंदांची हॉकी वेगळी, ही वेगळी). गोली सोडून पाच जण बर्फावर, खेळ ६० मिनिटांचा, पण एकटा कुणी ६० मिनिटं खेळत नाही. ४५ सेकंदांच्या आसपास जीव खाऊन स्केटिंग करायचं आणि बेंचवर येऊन बसायचं, तोवर दुसरे उतरतात, ह्याला शिफ्ट म्हणतात. चौथ्या, म्हणजे शेवटच्या लाइनचा (फळीचा) खेळाडू अख्ख्या मॅचमध्ये आठ-दहा मिनिटं खेळतो, स्टार फॉरवर्ड वीसच्या आसपास. आपल्या हातून पक गेला की वळून आपल्या गोलकडे जीव तोडून परत यायचं ते बॅकचेक, आणि आळशी हा शिक्का जवळजवळ नेहमी ह्या बॅकचेकवरूनच बसतो. आता मला सांगा, जो दहा मिनिटं खेळतो तो प्रत्येक शिफ्टला सुसाट धावणारच, त्याला राखून ठेवायला काय आहे? जो वीस मिनिटं खेळतो, वर पॉवरप्लेची दोनच्या दोन मिनिटं बर्फावर थांबतो (ओव्हेचकिन वर्षानुवर्षं थांबलाय), तो कुठं जोर लावायचा आणि कुठं नाही हे ठरवणारच. शंभर मीटर पळणाऱ्याच्या वेगानं मॅरेथॉन का पळत नाहीस असं आपण कुणाला विचारत नाही.

पण समोरच्याची बाजू इतकी पण लंगडी नाहीये, ते मान्य करू. २०१३-१४ चा सीझन घ्या. ओव्हेचकिनचे ५१ गोल, लीगमध्ये सगळ्यात जास्त, दुसऱ्या नंबरवर कोरी पेरी ४३ वर. आणि त्याच सीझनला त्याचा प्लस-मायनस (हिशोब पुढं सांगतो) उणे ३५, लीगच्या तळातल्या काही जणांत. टीम प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेरीला) गेलीच नाही. सीझनच्या शेवटी-शेवटी त्याचे कोच ॲडम ओट्स यांनी पत्रकारांसमोर सांगितलं की एका गोलच्या वेळी ह्यानं परत येताना प्रयत्नच सोडून दिला. मी ती क्लिप पाहिलीये आणि कोच बरोबर होते, तो खरंच नुसता घसरत आला, ओरडावं असं वाटलं. त्याआधी २०१२ मध्ये डेल हंटर कोच असताना न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्धच्या प्लेऑफ मॅचमध्ये त्याला जेमतेम साडेतेरा मिनिटं खेळवलं होतं, कारण लीड असताना त्याच्यावर भरवसा नव्हता (त्या मॅचचा विनिंग गोल कुणी मारला? ह्यानंच. पण ते असो). आणि सगळ्यात जड मुद्दा म्हणजे दोन्ही करणारे लोक होऊन गेलेत. सर्गेई फेडोरोव्हनं १९९३-९४ ला ५६ गोल केले आणि त्याच वर्षी मोस्ट व्हॅल्युएबल खेळाडूची हार्ट ट्रॉफी पण घेतली आणि सर्वात चांगल्या डिफेन्सिव्ह फॉरवर्डची सेल्की पण. स्टीव्ह आयझरमन एका सीझनला ६५ गोल मारणारा माणूस, स्कॉटी बोमनच्या हाताखाली आपला खेळ बदलून दोन्हीकडचा झाला, तीन स्टॅनले कप (लीगचं विजेतेपद) जिंकला, २००० ला सेल्की घेतली. मग त्यांना जमतं तर ह्यांना का नाही? हा प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे परत येतो.

आधी त्या उणे ३५ चा हिशोब बघू, कारण हा आकडा प्रत्येक जण तोंडावर फेकतो आणि तो कसा बनतो ते फार कमी लोक बघतात. टीमनं गोल केला तर त्या वेळी बर्फावर असलेल्या प्रत्येकाला एक प्लस, खाल्ला तर प्रत्येकाला एक मायनस. म्हणजे चूक तुमची असो वा गोलीची, तुमच्या खात्यावर. पॉवरप्लेवर मारलेला गोल धरतच नाहीत. त्या सीझनच्या ५१ पैकी २४ गोल त्यानं पॉवरप्लेवर केले होते, म्हणजे जवळजवळ अर्धी कमाई ह्या वहीत लिहिलीच जात नाही. उलट पॉवरप्लेवर असताना समोरच्यांनी पक पळवून गोल केला तर तो मायनस मात्र धरतात. आणि खरी गंमत पुढं आहे. मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांत एका गोलनं मागं असाल तर कोच गोलीला बाहेर काढतो आणि सहावा अटॅकर उतरवतो. तेव्हा बर्फावर कोण असणार? अर्थात तुमचा सगळ्यात मोठा स्कोरर. समोरच्यांनी रिकाम्या नेटमध्ये पक ढकलला की त्याला मायनस. चौथ्या लाइनवाला त्या वेळी बेंचवर पाणी पीत बसलेला असतो, त्याची वही स्वच्छ. हरणाऱ्या टीमच्या स्टारला हा मायनस वर्षभर बसत राहतो, ज्याच्याकडून वाचवायची आशा असते त्याच्याच नावावर बुडीत खातं.

पुढच्या वर्षी काय झालं ते तर कुणी सांगतच नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात बॅरी ट्रॉट्झ कोच म्हणून आले, मॅट निस्कानन आणि ब्रूक्स ऑर्पिक असे दोन तगडे डिफेन्समन विकत घेतले, ओट्सनी उजव्या विंगला हलवलेला ओव्हेचकिन परत डावीकडे आला. गोल ५३, प्लस-मायनस अधिक १०. एका उन्हाळ्यात ४५ चा फरक. आता ह्याचा अर्थ काय लावायचा, एप्रिलमध्ये आळशी असलेला माणूस ऑक्टोबरमध्ये कष्टाळू झाला? थोडंफार ट्रॉट्झनी त्याच्याकडून करून घेतलं, मानतो, आणि २०१८ ला कप जिंकला त्या प्लेऑफमध्ये तो शॉट अंगावर घेताना दिसला तेव्हा मीही म्हटलं की बाबा हे आधी का नाही केलंस. पण स्वभाव एवढ्या वेगानं बदलत नसतो. सिस्टिम बदलते, सोबतचे लोक बदलतात.

आता 'नुसता उभा राहतो' ह्याबद्दल. मला हा आरोप सगळ्यात मजेशीर वाटतो कारण उभं राहणं हेच त्याचं काम आहे. कॅपिटल्सचा २०१७-१८ चा पॉवरप्ले डोळ्यासमोर आणा. उजव्या बोर्डापाशी निकलास बॅकस्ट्रॉम पक घेऊन, वर मधोमध जॉन कार्लसन, मध्यात टी. जे. ओशी, गोललाइनजवळ कुझनेत्सोव्ह, आणि डाव्या सर्कलच्या वरच्या अंगाला हा, गुडघे वाकवून, स्टिक मागं उचलून. समोर चार जण बचावाला. अख्ख्या स्टेडियमला माहितीये पक कुठं जाणार आहे, पॉपकॉर्न विकणाऱ्याला पण माहितीये. म्हणून त्या चारांतला एक जण ह्याला चिकटून उभा राहतो. म्हणजे काय झालं? उरलेल्या बर्फावर चौघांविरुद्ध तिघे. त्यानं बोट हलवलं नाही आणि टीमला एक माणूस जास्तीचा मिळवून दिला. आणि चिकटून नाही उभं राहिलं तर बॅकस्ट्रॉमचा पास आडवा येणार, हा न थांबवता तसाच मारणार. त्याचे ३०० च्या वर पॉवरप्ले गोल आहेत, लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त, वीस वर्षं प्रत्येक टीम त्या एका जागेचा अभ्यास करतीये आणि थांबवता येत नाहीये. भातखाचरात एका पायावर उभ्या बगळ्याला आपण ढोंगी म्हणतो, आळशी कुणी म्हणत नाही. मासा कधी मिळतो ते सगळ्यांना दिसतं.

बरं आणि ओव्हेचकिनला उभा राहणारा म्हणायचं हेच मुळात धाडसाचं आहे. २००८-०९ च्या एका सीझनमध्ये ५२८ शॉट गोलवर. पहिल्यापासून आजपर्यंत समोरच्याला अंगानं धडक मारायचे साडेतीन हजारांच्या वर हिट्स. नोव्हेंबर २०२४ ला पायाचं हाड मोडलं, ३९ वर्षं वय, सोळा मॅच हुकल्या, २८ डिसेंबरला इथं टोरोंटोत परत उतरला आणि गोल केला (रिकाम्या नेटमध्ये, म्हणजे काकांना परत विषय). सीझनअखेर ४४ गोल.

जवळचं एक उदाहरण सांगतो. माझा भाचा दहा वर्षांचा आहे, ब्रॅम्प्टनला मुलांच्या लीगमध्ये खेळतो. शनिवारी सकाळी साडेसहाला प्रॅक्टिस, त्या रिंकमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी, आईबाप ब्लँकेट घेऊन कॉफीचे कप दोन्ही हातात धरून बसलेले. मध्यंतरी एक दिवस त्याच्या कोचनी सगळ्यांसमोर त्याला 'पॅसेंजर' म्हटलं, का तर बाकीची पोरं पकमागं मधमाश्यांसारखी धावत होती आणि हा लांबच्या गोलपोस्टपाशी थांबला होता. गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय रे थांबला का होतास? बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, "मामा, तो डिफेन्समन माझ्याकडे बघत नव्हता. मी हललो असतो तर त्यानं बघितलं असतं ना." मी गप्प. एवढं साधं मला चाळीशीत कळलं नव्हतं. ब्रेट हल ह्या मोठ्या स्कोररबद्दल समोरचे गोली हेच सांगतात की तो दिसायचाच नाही, आणि पास आला की अचानक तिथं असायचा. ह्या ब्रेटला पण जाडा, आळशी, प्रॅक्टिस न करणारा म्हणून कॅल्गरीनं १९८८ ला देऊन टाकलं, सेंट लुईसला जाऊन त्यानं १९९०-९१ ला ८६ गोल मारले. १९९९ ला डॅलसकडून स्टॅनले कप जिंकून देणारा गोल, तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये, दुखऱ्या गुडघ्यावर. त्या वेळी त्याचा स्केट गोलीच्या क्रीझमध्ये (गोलसमोरच्या आखलेल्या जागेत) होता की नव्हता ह्यावर बफेलोचे लोक अजून भांडतात, पण तो आळशी होता असं त्या रात्री कुणी म्हटलं नाही.

हा सगळा प्रकार येतो कुठून? माझ्या मते हॉकी हा ज्या गावांमधून आला तिथल्या नीतीतून. खाणी, लाकडाच्या गिरण्या, शेत, थंडी. तिथं माणसाची किंमत तो किती राबतो ह्यावर. १९७० च्या दशकात डॉन चेरी कोच असलेल्या बोस्टन ब्रुइन्सना तर 'लंच पेल' टीम म्हणायचे, म्हणजे डबा घेऊन कामाला जाणारी. मला तो डबा आवडतो हं, आपण डबेवाल्यांच्या मुंबईचे. पण १९७७ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो) माइक बॉसी नावाचा पोरगा सोडून एकामागून एक बारा टीम पुढे गेल्या, रेंजर्स आणि टोरोंटो तर दोन-दोनदा, कारण गोल मारतो पण मारामारी करत नाही, मागे येत नाही. पंधराव्या नंबरावर न्यूयॉर्क आयलंडर्सचे बिल टॉरी विचारात पडले, बॉसी घ्यायचा की ड्वाइट फॉस्टर, जो चेकिंग (समोरच्याला अडवणं) चांगलं करायचा. कोच अल आर्बर म्हणाले बॉसी घ्या, गोल मारणाऱ्याला चेकिंग शिकवता येतं, चेकिंगवाल्याला गोल मारणं शिकवता येत नाही. फॉस्टर पुढच्याच नंबरावर बोस्टनला गेला. त्यानं अख्ख्या करिअरमध्ये जेवढे गोल केले त्याहून जास्त बॉसीनं पहिल्या दोन सीझनमध्ये केले. ओळीनं नऊ वेळा पन्नासच्या वर, चार कप, ७५२ मॅचेसमध्ये ५७३ गोल, पाठ गेली म्हणून तिशीतच थांबला. बारा टीमच्या बारा हुशार लोकांना घाम दिसत होता, गोल दिसत नव्हता.

आणि ती डबेवाली टीम? १९७९ ला माँट्रियलविरुद्ध सातव्या मॅचमध्ये एका गोलनं पुढं, शेवटची काही मिनिटं, आणि बर्फावर एक माणूस जास्त उतरला म्हणून पेनल्टी. पॉवरप्लेवर बरोबरी कुणी केली, तर गी लाफ्लरनं, जो सिगरेटी ओढायचा आणि केस उडवत स्केटिंग करायचा. पुढं ओव्हरटाइममध्ये बोस्टन हरलं. राबण्यात कुणीच कमी पडलं नव्हतं, मोजण्यात पडले. त्याच लाफ्लरचं पुढं काय झालं हे जास्त बोचणारं आहे. त्याचा जुना जोडीदार जॅक लमेअर कोच झाला, डिफेन्स आधी अशी सिस्टिम आली, लाफ्लरचा वेळ कापला, १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये १९ मॅचेसमध्ये २ गोल ह्या आकड्यावर तो माणूस रिटायर झाला, ३३ व्या वर्षी. चार वर्षांनी न राहवून परत आला, दुसऱ्या टीमकडून. सगळा दोष लमेअरला देता येणार नाही, वय होतंच. पण वाया काय गेलं त्याचा हिशोब कुणी मांडत नाही.

फिल केसलवर मात्र मी जरा जास्त बोलणार, कारण टोरोंटोत राहून त्याची थट्टा मी स्वतः केलीये. पोट सुटलेलं, चेहऱ्यावर कायम झोप, मुलाखती नकोत. २००९ ला लीफ्सनी त्याच्यासाठी दोन पहिल्या राउंडचे आणि एक दुसऱ्या राउंडचा ड्राफ्ट पिक (निवडीचा हक्क) मोजले, तेव्हापासून प्रत्येक हरण्याचं बिल त्याच्या नावावर. २०१५ ला त्याला पिट्सबर्गला पाठवलं आणि लगेच एका पेपरात आलं की हा रोज दुपारी रस्त्यावरच्या एका ठराविक गाडीवर हॉट डॉग खायचा. ती गोष्ट पुढं टिकली नाही, पण चिकटली. पुढच्याच वर्षी त्यानं कप जिंकला, त्या प्लेऑफमध्ये पिट्सबर्गचे सगळ्यात जास्त पॉइंट (गोल अधिक गोलसाठी दिलेले पास) त्याचे, २२. त्याच्या पुढच्या वर्षी परत कप. मग कपच्या भांड्यात हॉट डॉग भरून फोटो टाकला, आणि मला वाटतं क्रीडाविश्वात ह्याहून सभ्य उत्तर कुणी दिलं नसेल. आणि २५ ऑक्टोबर २०२२ ला तो ओळीनं ९९० वी मॅच खेळला, एकही न चुकवता, कीथ यँडलचा रेकॉर्ड मोडला, त्याच रात्री ४०० वा गोल. शेवटी १०६४ पर्यंत गेला. एकोणिसाव्या वर्षी कॅन्सरचं ऑपरेशन होऊन काही आठवड्यांत परत बर्फावर आलेला माणूस तेरा वर्षांहून जास्त एक मॅच चुकवत नाही, आणि आपण त्याला आळशी म्हणायचो, का तर शरीर तसं दिसत नाही म्हणून. आपल्याकडे बोरिवलीच्या रोहितचं झालं तेच. मार्च २०२५ ला त्याच्या वजनावर कुणीतरी राजकीय माणसानं शेरा मारला, आठवड्याभरात त्यानं चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला ७६ काढले.

आणि एक गोष्ट इथले लोक सहसा बोलत नाहीत. हा शब्द सगळ्यांना सारखा वाटला जात नाही. रशियन असेल तर 'गूढ' आणि 'मूडी' हे विशेषण आधीच छापून ठेवलेलं असतं. २००९ ला ओव्हेचकिननं पन्नासावा गोल मारून स्टिक तापलीये असा अभिनय केला तर डॉन चेरी टीव्हीवरून त्याला संस्कार शिकवत बसले. कॅनडाच्या छोट्या गावातला पोरगा परत येताना घसरत आला तर तो दमला, रशियन आला तर त्याला पर्वा नाही. शिफ्ट तीच, लांबी तीच.

आता तो राहिलेला प्रश्न, फेडोरोव्ह आणि आयझरमन. आयझरमन बदलला तेव्हा डेट्रॉइटकडे फेडोरोव्ह होता, पुढं ब्रेंडन शॅनहन आला, गोल मारायला दुसरे हात होते, म्हणून त्याचे पाय मागं वापरणं परवडलं. जिथं गोल मारणारा एकच आहे तिथं त्याला मागं पळवणं म्हणजे गावातल्या एकुलत्या एक डॉक्टरला केस पेपर फाडायला बसवणं. फेडोरोव्हसारखी माणसं असतात, पण लताबाईंसारखं गाता येत नाही म्हणून आपण बाकीच्यांना रियाज चोर म्हणतो का? आणि तरी एखाद्या रात्री, एखाद्या खेळीवर, ओट्सनी म्हटलं तसं, की ह्या वेळी तू प्रयत्न सोडलास, हे म्हणायला माझी काहीच हरकत नाही. त्यात मिनिट आहे, जागा आहे, सुधारायला वाव आहे. काकांच्या वाक्यात ह्यातलं काहीच नव्हतं.

भाच्याला त्या कोचनी तीन मॅच डिफेन्सला खेळवलं, मेहनत शिकवायला म्हणून. परवा परत विंगला आला. दुसऱ्या पिरियडला पक त्या कोपऱ्यात, सगळी पोरं तिकडं, आणि हा परत लांबच्या पोस्टपाशी, स्टिक बर्फावर टेकवून. माझ्या शेजारचे एक बाबा ओरडायला लागले, पाय हलव, पाय हलव. मी पोराकडे बघितलंच नाही. त्या डिफेन्समनकडे बघत राहिलो. त्याची पाठ होती.